किल्ली सर्वांत शेवटी

गेल्या रविवारी दुपारी गंगापूर रोडवरील आमच्या जुन्या घराच्या पोर्चमधली ताडपत्री मी ओढली आणि सहा पावसाळ्यांची धूळ, वाळलेली पाने व उंदरांनी सीटमधून उपसलेला काथ्या यांच्यासह अण्णांची गाडी उजेडात आली. कागदोपत्री ती १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. परंतु आमच्या गल्लीत तिला फियाटखेरीज दुसऱ्या नावाने कोणी ओळखल्याचे मला आठवत नाही.

अशा गाडीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला पहिला मोह होतो तो सेल्फ मारून पाहण्याचा. तो मी आवरला, याचे श्रेय माझ्या शहाणपणाला नसून अण्णांच्या धाकाला आहे. किल्ली सर्वांत शेवटी, हा त्यांचा दंडक. कोरड्या पडलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन तसाच घासत नेला, तर इंजिन कधी क्षमा करत नाही, असे ते म्हणत. म्हणून मी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडे इंजिन ऑइल सोडले आणि ते मुरेपर्यंत टर्मिनलवर फुललेली हिरवट-पांढरी बुरशी खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुतली. बॅटरीत राम उरलेला नव्हताच. पण शेजाऱ्यांकडून मागून आणलेली बॅटरी त्याच तारांना जोडायची होती.

मग डिकीतून इंजिन हाताने फिरवायचे हँडल काढले. गिअर न्यूट्रलमध्येच होता. त्याचे तेव्हा मला काही वाटले नाही. बंपरच्या भोकातून हँडल आत सरकवले आणि पाहतो तो माझा अंगठा आपोआप बोटांच्या बाजूला जाऊन बसलेला.

थंडीतल्या पहाटे वणीला गडावर जायचे ठरले की दवाने काचा पांढऱ्या झालेल्या असत, आई दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन मागे बसलेली असे आणि फियाट हमखास रुसलेली असे. अण्णा चोक ओढून आत बसत आणि हँडल मारण्याचा मान मला मिळे. “अंगठा बाहेर! खालून वर ओढ, वरून दाबू नकोस. उलटा झटका बसला तर मनगट जाईल,” हे ते दर वेळी सांगत. मी दहा वर्षांचा होतो आणि मनगट जाण्याच्या कल्पनेने मला भीतीपेक्षा अभिमानच अधिक वाटे.

रविवारी प्लग काढलेले असल्याने झटक्याचा प्रश्न नव्हता. पहिला फेरा जड गेला, चौथ्याला इंजिन लोण्यासारखे फिरू लागले. टाकीतल्या पेट्रोलला मात्र व्हार्निशचा वास येत होता. कार्बोरेटर उघडला, तर जेटमध्ये पिवळा डिंक बसलेला. तो पातळ तारेने न टोकरता पेट्रोलात भिजवून फुंकावा लागतो, आणि फुंकताना थोडे जिभेवर येतेच. नवे पेट्रोल आणले, तर त्यात आता २० टक्के इथेनॉल. ते ओलावा धरते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. नळ्या बदलायला आल्या, हे मनाशी नोंदवून मी प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या पॉइंटवरून घडी घातलेला पॉलिश पेपर फिरवला, प्लग घट्ट केले, चोक ओढला आणि अखेरीस किल्ली फिरवली.

तिसऱ्या प्रयत्नाला गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि सुरू झाली. सिलिंडरमधले ऑइल जळून असा निळा धूर निघाला की समोरच्या काकूंनी खिडक्या धाडकन लावून घेतल्या. मी पहिला गिअर टाकून क्लच सोडला, तशी गाडी मागच्या चाकांवर बसल्यासारखी दबली आणि बंद पडली. दोन वेळा तेच. चाके जाम होती, कारण हँडब्रेक ओढलेला होता आणि सहा वर्षांत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटले होते.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर अण्णा हँडब्रेक कधीही लावत नसत. पहिला गिअर टाकून चाकांना विटा लावत. हँडब्रेक फक्त थोड्या वेळाने पुन्हा निघायचे असेल तेव्हा. शेवटच्या वेळी गाडी त्यांनीच लावली होती.

मी वाकून गाडीखाली पाहिले. वीट कुठेच नव्हती.