कृष्णेकडून सावित्रीकडे

मुक्काम पोलादपूर, रात्रीचे साडेनऊ

पुणे ते दापोली सायकलप्रवासाचा आज दुसरा दिवस. पोटऱ्या ठणकताहेत, पण हे लिहून झाल्याशिवाय झोप लागायची नाही.

सकाळी साडेसहाला वाई सोडली. डिसेंबरची थंडी, बोटं ब्रेकवर आखडलेली. ढोल्या गणपतीला घाटाच्या पायरीवरूनच हात जोडले. कृष्णेच्या पाण्यावर धुकं इतकं दाट होतं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. आज मला एवढंच करायचं होतं : हिच्या काठावरून निघायचं, ही जिथे उगम पावते तिथवर चढायचं आणि डोंगराच्या पलीकडे सावित्रीच्या काठाला उतरायचं. सगळं मिळून 85 किलोमीटरच्या आसपास.

पसरणी घाट लगेच अंगावर येतो. पाचगणीपर्यंत 13 किलोमीटर आणि साडेपाचशे मीटरहून जास्त चढ. मागे दोन बॅगा, 14 किलो ओझं. सगळ्यात हलका गिअर टाकला आणि नजर चाकापुढच्या दोन हातांवर ठेवली. पहिले तीन किलोमीटर नुसता दम. मग कधीतरी श्वास आणि पेडल एका लयीत आले आणि आजूबाजूचं दिसायला लागलं. खाली धोम धरणाचं पाणी उन्हात उजळलं होतं. रस्त्याकडेचा कातळ खाली काळाभोर होता. वर येता येता माती लाल होत गेली आणि पाचगणीच्या पठारावर जांभाच लागला. लहानपणापासून एसटीनं हा घाट वीसेक वेळा तरी चढले असेन, पण काळ्याचं लाल कुठे होतं ते आज पहिल्यांदा कळलं. ताशी सहा किलोमीटरनं चढताना काही निसटत नाही.

पाचगणी ते महाबळेश्वर गाड्यांची रांग आणि धूर. स्ट्रॉबेरीची शेतं तेवढी सुंदर.

बाजारात न थांबता क्षेत्र महाबळेश्वरला वळले. सहा किलोमीटरांचा फेरा, पण तो टाळला असता तर आजच्या दिवसाला अर्थ नव्हता. पंचगंगेच्या देवळात दगडी गोमुखातून पाणी पडत होतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री, पाचही नद्यांचा उगम इथलाच मानतात. ओंजळ धरली. पाणी गार होतं, दात शिवशिवले. यातली कृष्णा पूर्वेला निघते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र असा तब्बल 1,400 किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेचा कडा उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. शाळेत नकाशावर हा जलविभाजक पेन्सिलीनं काढला होता. आज तो पायांना कळला. इतका वेळ ढकलून वर न्यावी लागणारी सायकल देवळाकडून परत आल्यावर एका वळणाशी आपोआप पुढे धावायला लागली.

आंबेनळी घाट. पोलादपूरपर्यंत 40 किलोमीटर आणि बाराशे मीटरहून जास्त उतार. चढाची भीती मला कधीच वाटत नाही, उताराची वाटते. जुलै 2018 मध्ये याच घाटात बस दरीत कोसळून दापोलीच्या कृषी विद्यापीठातले तीसएक जण गेले. मी दापोलीलाच निघाले आहे. कठड्यापाशी जरा थांबले, दरीकडे बघून हात जोडले.

पुढे दहाएक वळणांनी मागचा ब्रेक सैल लागायला लागला. दांडी पार हँडलला टेकत होती. उतरून रिमला बोट लावलं तर चटका बसला. रिम अशी तापली की आतली ट्यूब फुटू शकते, म्हणून वीस मिनिटं सावलीत बसून राहिले. पॅड जवळजवळ झिजले होते. बॅगेतले नवे काढले, पान्यानं घट्ट बसवले, केबल ताणली, चाक फिरवून घासत नाही ना ते बघितलं. हे काम मी गेल्या वर्षी शिकले आणि आज त्या शिकण्याबद्दल मनापासून बरं वाटलं.

प्रतापगडाच्या पायथ्याशी, वाडा कुंभरोशीला चहाला टेकले. टपरीवरच्या मावशींनी आधी बॅगा हातानं उचलून बघितल्या.

“पोरी, एवढं वझं घेऊन वाईपासनं चढलीस?”

“हो मावशी. आता उतरायचंच राहिलंय.”

“उतरताना दमानं जा. पाय टेकत टेकत.”

चहाचे पैसे घेतले, भाकरी-पिठल्याचे काही केल्या घेईनात.

तिथून खाली हवाच बदलली. स्वेटर काढला, मग कानटोपी. दर दोन किलोमीटरांना थांबून रिम चाचपत उतरले. उन्हं कलताना पोलादपूर आलं आणि सावित्री दिसली : दगडाधोंड्यांतून वाहणारं उथळ पाणी, कडेला कपडे धुणाऱ्या दोघी. सायकल झाडाला टेकवून पाण्यात पाय सोडले. सकाळच्या गोमुखाइतकं हे पाणी गार नव्हतं, दिवसभर उन्हात तापलेलं, कोमट. हात धुतले. ब्रेकची काळी भुकटी तळव्यांवरून निघाली, नखांत मात्र अजून आहे.

उद्या कशेडी घाट.