बॅटरी चिकटवली कोणी?

परवा फोनची बॅटरी बदलायला बसलो. बाकी फोन ठणठणीत, फक्त बॅटरी दुपारीच मान टाकायची, म्हटलं व्हिडिओ बघून आपणच करू. तर मागचं कव्हर स्क्रूने नाही, ग्लूने चिकटवलेलं! हेअर ड्रायरने दहा मिनिटं शेकवलं, जुनं एटीएम कार्ड कडेने घुसवलं, कट्टकन आवाज आला की जीव अर्धा, आणि शेवटी उघडून बघतो तर आत बॅटरीसुद्धा चिकटवलेली. (उचकटताना बॅटरी वाकली किंवा भोक पडलं तर पेट घेऊ शकते, त्यामुळे माझं बघून करू नका.)

हा सगळा उद्योग करताना डोक्यात एकच, अरे पूर्वी फोनचं झाकण नखाने निघायचं की! म्हणजे जमत नाही अशातला भाग नाही. फोन पातळ होतो, पाणी आत जात नाही, ही कारणं खोटी नाहीत, पण कशाला आधी मान द्यायचा हे कोणीतरी मीटिंगमध्ये बसून ठरवलंच ना. आता युरोपियन युनियनने नियम केलाय, 18 फेब्रुवारी 2027 पासून अशा बॅटऱ्या, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्याला स्वतःला काढता आल्या पाहिजेत. इतकी वर्षं अडलं होतं ते नियमापाशी. आणि तोवर काय, तर 2022 या एका वर्षात जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाला 22.3 टक्के.

'टेक्नॉलॉजी सोडवेल रे सगळं' म्हणणाऱ्या मित्रांशी माझं इथेच वाजतं. मी काही टेक्नॉलॉजीच्या विरोधात नाही, पोट त्यावरच भरतं. पण जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्येच लिहून ठेवलंय की कमी कोळसा खाणारी वाफेची इंजिनं आली आणि कोळशाचा खप उलट वाढला, कारण इंजिन चालवणं परवडायला लागलं, मग जिथे तिथे इंजिन. लांब कशाला जा, घरात एलईडी लावल्यापासून आमच्या गॅलरीतला दिवा रात्रभर चालू असतो, 'कितीशी वीज खातो तो' म्हणत. आधीचा पिवळा बल्ब मी झोपताना न चुकता बंद करायचो.

टेक्नॉलॉजीने सगळ्यांना सारखा न्याय मिळेल म्हणाल, तर ते विचारूच नका. सगळे फॉर्म ऑनलाइन केले की झालं असं आपल्याला वाटतं, पण 2024 मध्येही जगात सुमारे 260 कोटी लोक इंटरनेटशिवाय होते, त्यांच्यासाठी ऑफिसात फॉर्म घ्यायची होती ती खिडकीपण बंद झाली एवढंच.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण सीटबेल्टचं. व्होल्वोच्या निल्स बोहलिनने 1959 मध्ये आजचा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आणला, कंपनीने पेटंट सगळ्यांना वापरू दिलं, म्हणजे शोध चांगला, वर फुकट, अजून काय पाहिजे! तरी लोक लावेनात. शेवटी 1970 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने सक्ती केली, जगात पहिल्यांदा, मग इतर देश हळूहळू. तोवर ज्या गाड्यांत पट्टा होता त्यातही तो बऱ्याचदा सीटवर नुसता लोळत असायचा.

असो. फोन चालू झाला, बॅटरी रात्रीपर्यंत पुरते. फक्त कव्हर एका कोपऱ्यात नीट बसत नाहीये, सध्या रबरबँड लावून फिरतोय.