पट्ट्याचा आवाज

आमच्या हौशी मंडळानं 'सखाराम बाइंडर' बसवलं तेव्हा माझ्याकडे दोन कामं होती: प्रॉम्प्टिंग आणि पट्टा. सखाराम त्यानं घरात आणून ठेवलेल्या लक्ष्मीला मारतो तेव्हा आम्ही स्टेजवर अंधार करायचो आणि मी विंगेत गोधडी कोंबलेल्या पोत्यावर पट्टा हाणायचे. आवाज फुसका यायचा. गोधडी ओली केल्यावर बरोबर आला. ही युक्ती माझीच, आणि तेव्हा मला तिचं कौतुकही वाटलं होतं.

विजय तेंडुलकरांचं हे नाटक १९७२चं. कमलाकर सारंगांनी बसवलं. निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा, म्हणजे लक्ष्मीनंतर त्याच्या घरात येणारी बाई. सेन्सॉरनं कात्री लावली, सारंग हायकोर्टात गेले. गदारोळ मुख्यतः अश्लीलतेचा. मारहाणीवरून कोणी एवढं पेटलं होतं का, कोण जाणे.

मला छळतो तो आरतीचा प्रसंग. घरात गणपती आहे. सखाराम आपल्या मित्राला, दाऊदला, आरतीला उभं करतो, लक्ष्मी अडवते, मुसलमानानं आरती म्हणायची नाही म्हणते. या क्षणी अख्खं थिएटर सखारामच्या बाजूनं असतं. मीही असायचे! बाई सोवळी, कर्मठ. हा शिवराळ, पण माणसाला माणूस मानणारा. आणि मग तो पट्टा काढतो. तेंडुलकर असे पकडतात आपल्याला. त्याचं म्हणणं पटलेलं असतं, त्यामुळे पहिले दोन फटके आपणही त्याच्या खात्यावर माफ करून टाकतो. प्रयोगात मी मोजायचे. तिसऱ्या-चौथ्या फटक्याला खुर्च्या करकरायला लागायच्या.

सखारामची रीतच अशी: नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना घरात आणायचं, पहिल्याच दिवशी नियम ऐकवायचे, पटलं नाही तर दार उघडं. लक्ष्मी सातवी. अशा रोखठोक माणसाला आमच्या चाळीत 'तोंडानं फटकळ, पण मनानं चांगला हो' म्हणायचे. शेजारच्या खोलीतून भांडी आपटल्याचा आवाज आला की आई रेडिओ मोठा करायची आणि हेच वाक्य म्हणायची. चंपाला मात्र हे प्रमाणपत्र देणं जमत नाही. ती दारू ढोसून त्याला सहन करते, आणि शेवटी त्याच्याच हातून तिचा गळा आवळला जातो. परत आलेली लक्ष्मी त्याच्या पाठीशी उभी राहते, प्रेत पुरायलासुद्धा.

प्रयोगानंतर एक ओळखीच्या काकू आत आल्या. कामं छान झाली म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच, "पण काय गं, त्यानं आधीच सगळं सांगितलं होतं ना तिला?"

मला उत्तर सुचेना. पट्टा अजून माझ्या हातातच होता, ओल्या गोधडीमुळे गार पडलेला. तेवढ्यात मागून दाऊदचं काम करणारा पोरगा ओरडला, "ताई, पट्टा दे की, पँट घसरतेय माझी."