न्यू जर्सीच्या शाळेत पॅरा होताना

ऑगस्ट जवळ आला की ओळखीतल्या कुणा ना कुणाचा फोन येतोच. "तू शाळेत लागलीस ना, ते कसं केलंस गं? अर्ज कुठे करायचा?" अर्ज कुठे करायचा हे सांगायला एक मिनिट पुरतं. पुढचं सांगायला निवांत बसावं लागतं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी हे पद मला सापडलं कसं ते सांगते. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टकडून पालकांना दर आठवड्याला ई-मेल येते. हायस्कूलच्या बँडने कुठली स्पर्धा जिंकली, फूड पँट्रीसाठी डबाबंद सामान कुठे आणून द्यायचं, बजेटची सुनावणी कधी, कोणत्या शाळेचं छप्पर सुट्टीत बदलणार, असं सगळं गावकीचं त्यात असतं. बरेच पालक सुट्ट्यांच्या तारखा बघतात आणि सोडून देतात. मी तळापर्यंत वाचते, कारण तळाला 'स्टाफ स्पॉटलाइट' असतो. कधी कस्टोडियन, कधी बसवरच्या मदतनीस, कधी कॅफेटेरियात वाढणाऱ्या बाई. एक फोटो, इथे किती वर्षं आहेत आणि कामात काय आवडतं याची चार वाक्यं. अशाच एका मजकुरात एक पॅराप्रोफेशनल बाई होत्या. वर्गात मुख्य शिक्षिका शिकवत असताना ज्या मुलांना जास्तीच्या आधाराची गरज असते, त्यांच्याजवळ बसून काम करणाऱ्या. सगळे त्यांना पॅरा म्हणतात. कऱ्हाडला मराठी आणि इतिहास शिकवताना साठ-साठ मुलांचे वर्ग मी सांभाळले होते. इथे येऊन घरी बसले होते आणि नुकतंच एच-फोरवरचं ईएडी, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला मिळणारा कामाचा परवाना, हातात आलं होतं. म्हटलं, हे आपल्याला जमेल.

डिस्ट्रिक्ट म्हणजे काय, हे भारतातून वाचणाऱ्यांसाठी सांगायला हवं. ही आपली जिल्हा परिषद नव्हे. न्यू जर्सी एवढंसं राज्य, पण त्यात सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. कुठे एका गावाचा एक, कुठे दोन-तीन गावं मिळून एक. बहुतेक ठिकाणी बोर्ड ऑफ एज्युकेशनचे सदस्य लोक निवडून देतात आणि त्यांना एक पैचाही पगार नसतो. बोर्ड सुपरिंटेंडंट नेमतं, तो शाळा चालवतो. या राज्यात घरपट्टीचा निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा शाळांकडे जातो, त्यामुळे शाळेत काय चाललंय यात शेजारच्या निवृत्त आजोबांनाही रस असतो. दिवाळीची सुट्टी द्यायची की नाही हेसुद्धा प्रत्येक बोर्डाचं बोर्ड ठरवतं. एडिसनला मिळते, दुसरीकडे मिळेलच असं नाही.

पॅरासाठी शिक्षकाचं प्रमाणपत्र लागत नाही. गरीब घरांतली मुलं जास्त असलेल्या शाळांना केंद्र सरकार टायटल वन नावाचा निधी देतं. तो घेणाऱ्या शाळांमध्ये 2001 च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यापासून एक अट आहे: कॉलेजची दोन वर्षं किंवा असोसिएट पदवी, नाहीतर एक परीक्षा. शिवाजी विद्यापीठाची बीए त्यात आरामात बसते, पण ती बसते हे कुणीतरी कागदावर लिहून द्यावं लागतं. ते काम डब्ल्यूईएससारख्या संस्था करतात. त्यासाठी विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्ट परस्पर पाठवायची असते. माझ्या भावाने कोल्हापूरला विद्यानगरात जाऊन ते केलं आणि अजून ऐकवतो.

अर्ज करण्याआधी एक गोष्ट बघा, कारण इथे बऱ्याच जणी फसतात. कित्येक डिस्ट्रिक्ट पॅरा आणि बदली शिक्षक स्वतः नेमत नाहीत, खासगी कंपनीमार्फत घेतात. काम तेच, वर्ग तोच, पण तुम्ही डिस्ट्रिक्टच्या नोकर नसता. आरोग्य विमा आणि पेन्शन यांचं गणित तिथेच बदलतं. जाहिरातीत 'एम्प्लॉयर' कोण लिहिलंय ते वाचा. पगार तसाही फार नाही. ज्या घरात एकाचा पगार आणि विमा आधीच आहे, त्यांनाच ही नोकरी परवडते, हे उघड सत्य आहे आणि मला ते फारसं पटत नाही.

मुलाखतीला मुख्याध्यापिका होत्या आणि चाइल्ड स्टडी टीममधल्या, म्हणजे कोणत्या मुलाला विशेष मदत लागते ते तपासणाऱ्या गटातल्या, मानसशास्त्रज्ञ. माझ्या बीएडबद्दल कुणी काही विचारलं नाही. विचारलं ते हे: "रिसेस संपली, सगळी मुलं आत गेली आणि एक मुलगा दारातच आडवा पडलाय. काय कराल?" मी म्हटलं, आधी बाकीच्यांना कुणी आत नेतंय ना ते बघेन. मग त्याच्याजवळ, पण हात लागणार नाही एवढ्या अंतरावर खाली बसेन आणि बोलणं कमी करेन. मानसशास्त्रज्ञ बाईंनी मान वर केली. "बोलणं कमी का?" म्हटलं, तो आधीच खूप आवाजातून आलाय, माझ्या आवाजाची भर कशाला. हे मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. शेवटच्या बाकावर रुसून बसलेली मुलं अशीच हळूहळू उठतात, हे बघितलेलं होतं.

निवड झाल्याचा फोन आला आणि मला वाटलं झालं. खरा प्रवास तिथून सुरू झाला.

पहिला अडसर नावाचा. पदवीवर माहेरचं नाव, मधे वडिलांचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव, मधे नवऱ्याचं. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नावसुद्धा बदलतं, हे एचआरमधल्या मुलीला समजावणं अवघड गेलं. तिच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका होत्या. विवाह नोंदणीचा दाखला आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापलेला नावबदल, दोन्ही दिले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या सरकारने हे छापलंय?" हो बाई, छापलंय. ज्यांनी राजपत्र केलेलं नाही त्यांनी निदान विवाहाचा दाखला आणि त्याचा इंग्रजी अनुवाद आधीच तयार ठेवावा.

बोटांचे ठसे पटकन झाले. वेळ घेऊन केंद्रावर जायचं, काचेवर बोटं टेकवायची, राज्य आणि एफबीआय दोघांकडून तपास होतो.

टीबीच्या चाचणीने मात्र दमवलं. हातावर टोचून दोन-तीन दिवसांनी फुगवटा मोजतात. माझा चांगलाच फुगला. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असते, दंडावरची खूण त्याचीच, आणि त्यामुळे ही त्वचेची चाचणी विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते. अमेरिकेत बीसीजी सरसकट देत नाहीत, त्यामुळे समोरच्याला ते चटकन सुचतही नाही. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरांचं पत्र. माझ्या मागून लागलेल्या मैत्रिणीला मी सांगितलं की डॉक्टरकडे थेट रक्ताची आयजीआरए चाचणी माग. बीसीजीने ती बिघडत नाही. तिचं काम एका फेरीत झालं.

आणि आता तो फॉर्म. न्यू जर्सीत 2018 पासून एक कायदा आहे. बोलीभाषेत त्याला 'पास द ट्रॅश' म्हणतात. मुलांशी गैरवर्तन केलेला माणूस एका शाळेतून गुपचूप राजीनामा देऊन दुसरीत जाऊ नये म्हणून केलेला. तुम्ही गेल्या 20 वर्षांत जिथे जिथे मुलांशी थेट संबंध येईल असं काम केलंय, त्या प्रत्येक मालकाने लिहून द्यायचं: हिची मुलांवरच्या अत्याचाराबद्दल किंवा लैंगिक गैरवर्तनाबद्दल कधी चौकशी झाली होती का, अशा आरोपामुळे हिला काढलं किंवा राजीनामा द्यायला लावला का, हिचा परवाना त्यासाठी कधी रद्द झाला का. कायदा योग्यच आहे, माझं स्वतःचं मूल त्याच शाळेत जातं. पण कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शेजारच्या गावातली शाळा होती. माझी कृष्णाकाठी होती.

फॉर्म शाळेच्या ई-मेलवर गेला. शाळेची ई-मेल बघतात क्लार्क. त्यांनी ती मुख्याध्यापकांना छापून दिली. त्या रात्री, म्हणजे त्यांच्या सकाळी, सरांचा फोन.

"मॅडम, तिकडं काही झालंय का?"

"नाही हो सर. सगळ्यांनाच पाठवतात."

"नाही, म्हणजे इथं काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंय ना? असलं आम्ही तुमच्याबद्दल कसं लिहून द्यायचं?"

"सर, 'नाही'च लिहायचंय. तीनही ठिकाणी 'नाही'."

"पण प्रश्न विचारलाच कसा त्यांनी?"

सर माझ्यासाठी दुखावले होते. विचारणं म्हणजेच संशय घेणं, असं त्यांचं म्हणणं, आणि आमच्या वेळच्या शाळेत ते खरंही होतं. मी त्यांना समजावलं की इथल्या मुख्याध्यापिकेलाही असाच कागद भरावा लागला असेल. ते गप्प झाले. मग म्हणाले, "आपल्याकडंही पाहिजे खरं असं काहीतरी." तेवढ्यावर विषय मिटला आणि दुसरा निघाला: शाळेच्या लेटरहेडवर सोबत पत्र द्यायचं का? नको म्हटलं तरी दिलं. जावक क्रमांक, गोल शिक्का, हिरव्या शाईची सही, आणि खाली 'सदर शिक्षिकेची वर्तणूक समाधानकारक होती' याचं इंग्रजी. एचआरच्या मुलीला तो शिक्का फार आवडला.

कायद्याप्रमाणे जुन्या मालकाने 20 दिवसांत उत्तर द्यायचं असतं, पण सातासमुद्रापारच्या शाळेवर तो कायदा काय चालणार. उत्तर यायला वेळ लागत असेल तर डिस्ट्रिक्टला 90 दिवसांपर्यंत तात्पुरती नेमणूक करता येते, हे मला नंतर कळलं. अडकलेल्या कुणी असाल तर एचआरला हे विनयाने विचारा. कऱ्हाडनंतर मी इथल्या मराठी शाळेत रविवारी विनामोबदला शिकवत होते, तेही मी लिहून टाकलं. लपवलं असं व्हायला नको.

सगळे कागद पोचले तरी तुम्ही लागलेल्या नसता. सुपरिंटेंडंटच्या शिफारशीवर बोर्डाने खुल्या सभेत मतदान करावं लागतं. नवरा म्हणाला, जाऊया बघायला. शाळेच्या सभागृहात मोजकी माणसं. सुरुवातीला 1975 च्या खुल्या सभांच्या कायद्यानुसार सूचना दिल्याचं निवेदन वाचून दाखवलं. मग चौथीच्या मुलांनी व्हायोलिन वाजवलं, एका निवृत्त होणाऱ्या बस ड्रायव्हरला मानपत्र दिलं आणि लोकांनी बोलायची वेळ आली. एका बाईंनी शाळेसमोर दुहेरी रांगेत गाड्या लावणाऱ्या पालकांना धारेवर धरलं. त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं, पण सगळा वेळ त्यातच गेला. माझं नाव कार्यक्रमपत्रिकेत 'पर्सोनेल'खाली, रजा, राजीनामे आणि बास्केटबॉलच्या कोचच्या मानधनाच्या मधोमध होतं. कुणी ते वाचलंही नाही. सगळी यादी एका ठरावात, एक सूचक, एक अनुमोदक, मग एकेका सदस्याचं नाव घेऊन 'येस'. नवरा टाळ्या वाजवायला हात वर घेऊन बसला होता, तोवर विषय बॉयलरच्या दुरुस्तीवर गेला.

कामाबद्दल इथे फार लिहिता येत नाही. विशेष शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक मुलाचा आयईपी असतो, म्हणजे त्याला कोणती मदत किती वेळ द्यायची याचा कायदेशीर आराखडा, आणि त्यातलं अक्षरही बाहेर बोलायचं नाही. त्यामुळेच, मागच्या वसंतात स्पॉटलाइटसाठी माझा नंबर लागला तेव्हा गंमत झाली. प्रश्नावली आली: आवडता खाऊ, आवडती सुट्टी, 'तुमच्या कामातला सर्वांत अभिमानाचा क्षण'. त्या क्षणात एक मूल होतं, आणि त्याच्याबद्दल एक शब्द लिहिता येत नव्हता. त्याने पहिल्यांदा स्वतः जॅकेटची चेन लावली, असं लिहिलं तरी वर्गातल्या पालकांना कळलं असतं कुणाचं. मी लिहिलं, "मुलं स्वतः करायला लागली की मी एक खुर्ची मागे सरकते, ते मला आवडतं." फोटोतही मुलं चालणार नव्हती, प्रत्येकाच्या पालकांची लेखी परवानगी लागली असती. मग फळ्यासमोर मी एकटी, हातात स्टेपलर. तो का धरला होता देव जाणे. आवडत्या खाऊत भडंग लिहिलं. त्या आठवड्यात कॅफेटेरियातल्या बाईंनी मला थांबवून ते काय असतं ते विचारलं, आणि आता त्यांच्यासाठी मी पटेल या भारतीय किराणा दुकानातून चुरमुरे आणून करते, तिखट बेताचं.

पगार दहा महिन्यांचा असतो, जुलै-ऑगस्ट कोरडे. पैशाची गरज असेल तर मुलांच्या उन्हाळी वर्गांसाठी, एक्स्टेंडेड स्कूल इयर म्हणतात त्याला, वसंतातच नाव द्या. जागा लवकर भरतात.

मी आता शिक्षकाच्या प्रमाणपत्राच्या मागे आहे. 2025 पासून या राज्याने त्यासाठीची प्राथमिक कौशल्यांची परीक्षा काढून टाकली, तो एक डोंगर कमी झाला. पण पदवीचं मूल्यमापन आता विषयवार लागणार, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट पुन्हा. भावाला अजून सांगितलेलं नाही.