डिस्क नसलेले बावीस पीसी आणि स्विचचे तीस सेकंद

तीस सेकंदांपायी माझे पंधरा दिवस गेले. अजून आठवलं की डोकं तापतं. म्हणून सगळं लिहून ठेवतोय. कुणी आपल्या कॉलेजात डिस्क नसलेले पीसी नेटवर्कवरून चालवायला निघालं असेल तर त्याचे तरी दिवस वाचावेत.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. जुन्या लॅबमधल्या बावीस पीसींच्या हार्ड डिस्क एकामागून एक गेल्या. बोर्ड चांगले, रॅम चार-चार जीबी, पण डिस्क नाही म्हणून वर्षभर कापडाखाली पडून. भंगाराच्या यादीत त्यांची नावं चढली होती. इकडे एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं औंढ्याच्या लायगो-इंडियाला, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला, मंजुरी दिली. सुमारे २,६०० कोटींचा प्रकल्प, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. पोरं विचारायला लागली, "सर, आपल्याला यात काही करता येईल का?" तिथलं यंत्र उभं राहायला वेळ आहे. पण 'आइन्स्टाइन ॲट होम' हा प्रकल्प २००५ पासून चालू आहे. लायगोची आणि दुर्बिणींची माहिती तुकडे करून जगभरातल्या लोकांच्या संगणकांवर वाटायची, असं ते काम. हे बावीस पीसी त्याला का जोडू नयेत?

डिस्क नसली तरी लिनक्स चालतं, म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली. नॉपिक्स नावाचं लिनक्स सीडीवरून चालायचं तेव्हापासून हे लोकांना माहीत आहे. इथं फरक एवढाच की सीडीऐवजी नेटवर्क केबल. पीसी चालू झाला की नेटवर्क कार्डच विचारतं, मला पत्ता कोण देतं आणि बूट फाइल, म्हणजे संगणक सुरू करणारी फाइल, कुठं आहे? ती फाइल टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीनं येते, मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा येतो, आणि कर्नल एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवर वाटलेल्या फोल्डरमधून, डेबियन लाइव्ह या डिस्कवर न बसवता चालणाऱ्या लिनक्सची फाइल सिस्टीम उघडतं. बदल फक्त रॅममध्ये राहतात. पेलिकानएचपीसी नावाचं तयार लिनक्स मी आधी पाहिलं, तेही याच पद्धतीचं आहे. पण ते एमपीआयसाठी, म्हणजे सगळे पीसी एकाच गणितावर एकमेकांशी बोलत राहतात त्या कामासाठी. आमचे तुकडे सुटे सुटे, एकाला दुसऱ्याशी बोलायचं कारणच नाही. म्हणून साधं डेबियन लाइव्ह आणि त्यात बॉइंक, म्हणजे 'आइन्स्टाइन ॲट होम'चे तुकडे आणून सोडवणारा प्रोग्राम. सर्व्हरवर डीएनएसमास्क (पीसींना बूट फाइल देणारा प्रोग्राम), एनएफएस, लाइव्हची इमेज, हे सगळं दोन संध्याकाळी झालं.

तिसऱ्या संध्याकाळी पहिला पीसी चालू केला. पत्ता मिळाला, कर्नल आलं, ओळी पळाल्या आणि मग थांबल्या. लाइव्ह फाइल सिस्टीम असलेलं माध्यम सापडत नाही, असा संदेश आणि खाली नुसता प्रॉम्प्ट. दुसरा पीसी, तिसरा, सगळीकडे तेच.

आठवडाभर मी चुकीच्या जागी खोदत बसलो. एनएफएसच्या परवानग्या तपासल्या, इमेज तीनदा नव्यानं बनवली, फायरवॉल बंद केली, केबल बदलल्या. माझ्या लॅपटॉपवरून तोच एनएफएस झटक्यात उघडायचा. मग एका रात्री वैतागून घरचा आठ पोर्टचा साधा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबल जोडायचा डबा, आणला आणि सर्व्हर, दोन पीसी आणि कॉलेजच्या नेटवर्ककडून येणारी केबल त्यात लावली. दोन्ही पीसी पहिल्या फटक्यात डेस्कटॉपपर्यंत आले. मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. दोष लॅबच्या मोठ्या स्विचमध्ये होता.

तो स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, आणि त्याचा पासवर्ड कॉलेजचं नेटवर्क पाहणाऱ्या एजन्सीकडे. असे स्विच स्पॅनिंग ट्री नावाची तपासणी चालवतात. कुणी चुकून केबलचा वेढा केला तर नेटवर्क गुदमरू नये म्हणून ही सोय. त्यासाठी पोर्टला जोडणी मिळाली की स्विच पंधरा सेकंद नुसता ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो, आणि मगच पोर्ट उघडतो. नेटवर्क कार्ड सुरुवातीला पत्ता मागताना चार, आठ, सोळा, बत्तीस सेकंद असं मिळून मिनिटभर वाट पाहतं, म्हणून तो टप्पा पार व्हायचा. पण कर्नलनं कार्डाचा ड्रायव्हर चढवला की जोडणी क्षणभर तुटते आणि स्विच पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. डेबियन लाइव्ह या वेळी फक्त पंधरा सेकंद थांबतं. पोर्ट तिसाव्या सेकंदाला उघडायचा आणि तोवर आमचा पीसी हरून बसलेला असायचा.

यावर इलाज एका ओळीचा. ज्या पोर्टला पीसीच लागणार आहे तो 'एज पोर्ट' करायचा, म्हणजे तो न थांबता लगेच उघडतो, काही ठिकाणी त्याला पोर्टफास्ट म्हणतात. एजन्सीला फोन केला. म्हणाले, मेल करा. मेल केला. उत्तर आलं, प्राचार्यांच्या सहीचं पत्र हवं. पत्र दिलं. मग म्हणाले, छापील फॉर्म भरा, त्यात बदलाचं कारण 'शैक्षणिक' की 'प्रशासकीय' ते लिहा. मी 'शैक्षणिक' लिहिलं तर फॉर्म परत. शैक्षणिक कारणासाठी विभागप्रमुखांची वेगळी सही लागते. ती घेतली. मग त्यांचे इंजिनिअर नांदेडला गेलेले. मग ते रजेवर. दर दोन दिवसांनी मी फोन करायचो आणि दर वेळी नवा माणूस मला पहिल्यापासून विचारायचा, "सर, नेमकं काय बंद पडलंय?" काहीच बंद पडलेलं नव्हतं! बावीस पोर्टांवर एक सेटिंग, पाच मिनिटांचं काम. एकदा मी आवाज चढवला आणि त्यानंतर फोनच उचलेनात. त्यांच्याकडे कागद अडकला की आवाज चढवू नका, मी त्यात चार दिवस गमावले. तारखेसह मेल ठेवा आणि एक प्रत प्राचार्यांना पाठवत राहा.

अठराव्या दिवशी लायब्ररीत लाइव्ह-बूटचं, म्हणजे डेबियन लाइव्ह सुरू करणाऱ्या भागाचं, मॅन्युअल पुन्हा वाचताना एक ओळ दिसली. नेटवर्कसाठी किती थांबायचं ते बूट ओळीत सांगता येतं. पॅरामीटरचं नाव ईथडिव्हाइस-टाइमआउट, मूळ किंमत १५. मी ६० केली. पीसी चालू केला, ओळी थांबल्या, मी घड्याळ धरून बसलो आणि मग ओळी पुन्हा पळाल्या. शिपाईमामा दार लावायला आले होते, ते म्हणाले, "सर, झालं वाटतं." झालं होतं.

पुढचा आठवडा बॉइंकनं घेतला. त्याची माहितीची फोल्डर रॅममध्ये ठेवली तर लाईट गेली की अर्धं गणित बुडतं आणि पीसी दर वेळी नवा संगणक म्हणून नोंदला जातो. आमच्याकडे लाईट जाते हे सांगायला नको. म्हणून प्रत्येक पीसीच्या मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाच्या कायमच्या क्रमांकाच्या) नावानं सर्व्हरवर स्वतंत्र फोल्डर केली. दोन पीसींना एकच फोल्डर कधीही देऊ नका. सर्व्हर यूपीएसवर ठेवा. प्रकल्पाला जोडताना खात्याची 'वीक की', म्हणजे कमी अधिकारांची किल्ली, वापरा, तिनं कुणाला तुमच्या खात्याची मालकी घेता येत नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: पीसींच्या बोर्डावरचे सेल बदला, सीआर२०३२, तो बटणाचा. आमचे सगळे मेलेले होते. तारीख मागं गेली की सुरक्षा प्रमाणपत्र चालत नाही आणि बॉइंक सर्व्हरशी बोलतच नाही. वर बायोसची (बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग पुसली जाऊन लॅनवरून बूट होणंही बंद पडतं. आणि कॉलेजच्या नेटवर्कवर दुसरा डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारा सर्व्हर, उभा करू नका, डीएनएसमास्कला प्रॉक्सी म्हणून चालवा, म्हणजे तो पत्ते न वाटता फक्त बूट फाइल कुठं आहे ते सांगतो. नाहीतर ऑफिसच्या पीसींना तुमचे पत्ते जातील आणि तक्रार तुमच्यावर येईल.

मे महिन्यात आम्ही प्रोसेसरच्या चारपैकी तीनच कोअर चालवतो, तेही रात्री. दिवसा त्या खोलीत बसवत नाही. आमच्या पीसींना लायगोचे तुकडे मिळाले नाहीत. ग्राफिक्स कार्ड नाहीत, म्हणून फर्मी या अवकाशातल्या दुर्बिणीच्या गॅमा किरणांत पल्सार, म्हणजे वेगानं फिरणारे मृत तारे, शोधायचं काम येतं. पोरांना आधी वाईट वाटलं. मग एकीनं फर्मीचा नकाशा छापून भिंतीवर लावला. आता सकाळी कॉलेज उघडलं की ती आधी लॅबमध्ये जाते आणि रात्रीत किती तुकडे पुरे झाले ते फळ्यावर लिहिते. भंगाराच्या यादीतून त्या बावीस पीसींची नावं मी स्वतः खोडली.

एजन्सीचं उत्तर अजून आलेलं नाही.