शिवाजी पुलावरून प्लास्टिक मोजताना

एमएस्सीच्या प्रोजेक्टला 'नदीतून समुद्रात जाणारं प्लास्टिक' हा विषय घेतला, तेव्हा आई म्हणाली, "कोल्हापुरात कुठला आलाय समुद्र?" आहे की! पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळते आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. रत्नागिरीचा किनारा आपल्याला जवळ, पण कचरा आपला पूर्वेला जातो.

पद्धत कागदावर सोपी. पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाची एक कमान धरायची, दोन मिनिटं खाली बघायचं, तरंगत येणारा प्रत्येक तुकडा टिपायचा. पाण्याचा वेग काढायला संत्रं टाकायचं. ते बरंचसं पाण्यात बुडून तरंगतं, त्यामुळं वारा त्याला ढकलत नाही. मार्चमध्ये टाकलं तर संत्रं जागचं हलेना. पुढं खालच्या अंगाला राजाराम बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले, पाणी तुंबलेलं. एकच बाटली कमानीखाली गोल फिरत होती, ती मी तीनदा मोजली.

जूनमध्ये बरगे निघाले, पहिला पाऊस झाला आणि उलटी तऱ्हा. मी आणि मित्र शेजारी उभे, कमान एकच. माझे ११, त्याचे १९. वाद गुटख्याच्या पुड्यांवरून. पुडी चकाकते, तसं ओलं पानही चकाकतं. शेवटी शंकेचा रकाना वेगळा केला.

मोजणी चालू असताना एक आजोबा सायकल लावून थांबले. "काय मोजालाईस रं?"

"प्लास्टिक, आजोबा."

"मग हे बी धर की!" म्हणत निर्माल्याची गाठ मारलेली पिशवी त्यांनी खाली सोडली. ती वरून वाहत आलेली नव्हती, म्हणून मोजली नाही. अजूनही वाटतं, मोजायला हवी होती.

खरी गोम जलपर्णीत. वरून नुसता हिरवा गालिचा दिसतो. सरांनी टोपलीभर काढून झटकायला लावली, तर मुळांत थर्माकोलचे मणी, शाम्पूच्या पुड्या आणि दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे. ते कोपरे किती, विचारू नका. त्या दिवसापासून मी दुधाची पिशवी कोपरा न तोडता कापतो.

बारीक कणांसाठी ३३० मायक्रॉनची जाळी लावली, ती शेवाळानं लगेच बुजली. लॅबमध्ये मिठाच्या संपृक्त पाण्यात कण वर येतात खरे, पण त्या पाण्याची घनता १.२ आणि बाटलीच्या 'पेट' (PET) प्लास्टिकची सुमारे १.३८. म्हणजे बाटलीचा चुरा तळाच्या गाळातच राहतो.

उरला समुद्र. २०२१च्या एका अभ्यासात जगातल्या नद्या वर्षाला ८ ते २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात नेतात असा अंदाज आहे; वाचून मलाही तसाच भारदस्त आकडा काढायचा होता. पण वाटेत कृष्णेवर अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर ही धरणं, शेवटी विजयवाड्याचा बॅरेज. कुठं किती अडकतं, हे पुलावर उभं राहून कसं सांगणार? शीर्षकातला 'समुद्र' खोडला, 'शिवाजी पुलाखालून' लिहिलं. सरांनी सही केली.

आई म्हणाली, "मी काय म्हणत होते?"