आमची वाटचाल : वागळे इस्टेट ते घोडबंदर रोड

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये इमारतींच्या भिंतींत पाणी शिरू नये म्हणून पत्र्याची कामं करणारे पुष्कळ आहेत. पाणी कुठून शिरेल ते साइटवर पाहून, आधी सेक्शन (पत्रा कुठे कसा मोडायचा ते दाखवणारं आडव्या छेदाचं ड्रॉइंग) काढून मग पत्रा कापणारे थोडे. आम्ही त्या थोड्यांतले, हे अभिमानाने सांगतो.

सुरुवातीला हाताचं बेंडिंग मशीन, कात्री, लाकडी हातोडा आणि आमचे मिस्त्री एवढंच होतं. मिस्त्री पगारावर असले तरी मी त्यांना भागीदारच मानलं. पॅरापेटवरच्या कोपिंगचा, म्हणजे गच्चीच्या कठड्यावर बसवायच्या पत्र्याच्या टोपीचा, उतार गच्चीकडे, बाहेरची कड खाली तिरकी मोडलेली आणि टोकाला घडी. यातलं एक जरी राहिलं तरी मिस्त्री तुकडा टेम्पोत चढू देत नसत. ती तिरकी मोड नसली की पाणी पत्र्याच्या पोटाला धरून परत भिंतीवर येतं. घडीने कड ताठ राहते, हात कापत नाही.

मधली वर्षं बरी गेली.

घोडबंदर रोडच्या त्या टॉवरचं मात्र सांगितलंच पाहिजे. ड्रॉइंग आमचं, नमुना आमचा. कॉन्ट्रॅक्टरने ते उचलून दुसऱ्याला दिलं. त्याने पातळ पत्रा वापरला, घडी गाळली, खिडकीखालच्या पट्टीची टोकं वर न वळवता नुसतं सिलिकॉन भरलं. ॲल्युमिनियमचा 3 मीटरचा तुकडा 40 अंशांच्या फरकाने जवळपास 3 मिलिमीटर लांबतो-आखडतो. तिथे सिलिकॉन किती दिवस धरणार? पहिल्याच पावसात भिंती ओल्या झाल्या. ड्रॉइंगवर नाव आमचं, म्हणून बोल आम्हाला! वर आमच्या दुसऱ्या कामाचं बिलही अडवलं. ते पैसे आजतागायत आले नाहीत. मशीन विकायला काढायची वेळ आली होती.

त्या वेळी आमच्या एका जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरी मॅडमनी बोलावलं. "आमची भिंत तुमच्यामुळे कोरडी आहे. उरलेल्या विंगही तुम्हीच करा, ॲडव्हान्स आजच घेऊन जा." त्या ॲडव्हान्सवर कारखाना तगला.

आता कोणी काम काढणार असेल तर ऐका. उघडं ॲल्युमिनियम ओल्या सिमेंटला टेकवू नका, मध्ये बिट्युमेनचा (डांबराचा) थर द्या. ऐरोली-वाशीला खाडीलगत साधा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा घेऊ नका. पत्र्याला लांबायला-आखडायला जागा राहावी म्हणून रिव्हेटची भोकं लांबट ठेवायला सांगा. दर विचारण्याआधी सेक्शन मागा, आणि जोडावर निदान 100 मिलिमीटर ओव्हरलॅप, वरचा तुकडा खालच्यावर, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.